व्हिसा एका खात्याचा, परवाना दुसऱ्याचा

परदेशात नोकरी ठरलेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच कळून चुकते: व्हिसाचा शिक्का मिळाला म्हणजे सगळं झालं असं होत नाही. देशात शिरण्याची परवानगी वेगळी, राहण्याची वेगळी आणि काम करण्याची त्याहून वेगळी. काही देशांनी अलीकडे हे सगळं एकाच कार्डावर आणलं आहे, पण आतले नियम अजून तिघांचे तीन. हा गुंता कुणी एका बैठकीत रचलेला नाही. निरनिराळ्या काळातल्या निरनिराळ्या भांडणांतून तो साचत गेला.

पहिल्या महायुद्धाआधी युरोपातल्या बऱ्याच देशांत पासपोर्टशिवाय ये-जा करता येत असे. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य हे त्यातले ठळक अपवाद. म्हणून तो काळ सगळ्यांनाच मोकळा होता, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ५० शब्दांच्या श्रुतलेखनाची चाचणी आणली. ती कोणत्याही युरोपीय भाषेत घ्यायची मुभा अधिकाऱ्याला होती, त्यामुळे नको असलेला माणूस नापास होणार हे आधीच ठरलेलं. अनेक भाषा जाणणारे पत्रकार एगॉन किश १९३४ मध्ये तिथे पोहोचले, तेव्हा त्यांना ही चाचणी चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडमधल्या थोड्याच लोकांच्या जुन्या भाषेत, दिली गेली. न्यायालयाने पुढे ती कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच मानली नाही, ही गोष्ट निराळी.

त्याआधीचा अमेरिकेचा १८८५ चा कंत्राटी मजुरांविषयीचा कायदा तर आजच्या अर्जदाराला पार उलटा वाटेल. स्वस्त मजूर आणून मालक पगार पाडतात, संप मोडतात, अशी कामगार संघटनांची ओरड होती. म्हणून परदेशी माणसाशी आधी करार करून त्याला कामासाठी आणणं हाच गुन्हा ठरला; दंड माणशी १००० डॉलर. साहजिकच बंदरावरच्या चौकशीत ‘नोकरी आधीच ठरली आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं अंगाशी यायचं. न्यूयॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून धर्मगुरू नेमले, तर खटला चर्चवरच भरला गेला. अखेर १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या मजुरांवर आहे, धर्मगुरूंवर नाही. आज ज्या नेमणूकपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, ते तेव्हा खिशात सापडलं तर परतीची बोट धरावी लागे.

१९१४ नंतर हेर आणि पळपुटे सैनिक पकडायला पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे झाले. युद्धापुरते, असं तेव्हा म्हटलं गेलं. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांची पूर्वसुरी संघटना) ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिसला परिषद घेतली. निर्बंध पुढे उठतील अशी आशा तिथे बोलून दाखवली गेली, आणि त्याच वेळी ३२ पानी पासपोर्टचा नमुनाही ठरवून दिला गेला. नमुना टिकला.

माझ्या मते खरी कलाटणी त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मिळाली. युद्धावरून परतलेल्यांना काम हवं होतं, आणि १९२० च्या आदेशाने परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा तर मालकाने कामगार मंत्रालयाचा परवाना आणावा, असं बंधन आलं. हे मंत्रालय व्यवहार करणार मालकाशी, म्हणून परवानाही मालकाने मागायचा. नोकरी सुटली की मुक्कामही धोक्यात येतो, त्याचं मूळ या रचनेत आहे. फ्रान्सने १९१७ पासूनच परदेशी लोकांना ओळखपत्र सक्तीचं केलं होतं. १९३२ च्या कायद्याने उद्योगवार परदेशी कामगारांचं प्रमाण ठरवायची सोय केली. अमेरिकेने १९२४ मध्ये व्हिसा सक्तीचा करून मुख्य छाननी बंदरावरून दूरदेशीच्या वकिलातीत नेली. बोटीचं भाडं खर्चून आल्यावर परत जाण्याची नामुष्की त्याने बरीच कमी झाली. दुसरीकडे, नकार मिळालेला माणूस कुणाच्या दृष्टीसच पडेनासा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चक्र फिरलं. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले. तुर्की कामगारांनी दोन वर्षांनी परतायचं आणि नव्यांनी यायचं, असा बेत होता. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवायला कारखानदार राजी नव्हते, आणि १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरती थांबवली, तेव्हा भलतंच घडलं: एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून बरेच जण तिथेच राहिले आणि त्यांनी कुटुंबं बोलावून घेतली.

कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण द्यायला सुरुवात केली. इथे मालकाऐवजी माणूसच तोलला जातो, म्हणून हा मार्ग अर्जदाराला जास्त मोकळा वाटतो. अमेरिकेचा १९९० च्या कायद्यातून आलेला एच-१बी हा कुशल परदेशी नोकरदारांचा व्हिसा मात्र मालकाच्याच हाती राहिला. मूळ वार्षिक मर्यादा ६५,००० ची. तिथे नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला ६० दिवसांपर्यंतची सवलत नियमांत आली ती २०१७ मध्ये.

या सगळ्या नियमांनी एक धरून चाललं होतं: माणूस जिथे, त्याचा मालकही तिथेच. लॅपटॉपवर दुसऱ्या देशातल्या कंपनीचं काम करणारा माणूस कोणत्याच रकान्यात बसेना. एस्टोनियाने २०२० मध्ये अशांसाठी वेगळा व्हिसा काढला, मग इतरांनीही. त्याने राहण्याचा आणि कामाचा प्रश्न वर्षभरापुरता मिटतो. करखातं त्यात धरलेलं नाही: एस्टोनियातच बारा महिन्यांत १८३ दिवस मुक्काम झाला की माणूस तिथला करदाता रहिवासी ठरतो, मग पगार कुठूनही येवो.