गोळी एक मिलिमीटर आत गेली तर काय बिघडतं?

खानापूर-चंदगडच्या जंगलाकडेला डुकरांपासून पीक राखायला लायसन्सची ठासणीची बंदूक ठेवलेली घरं अजून सापडतात, आणि ती बंदूक वापरलेला कुणीही म्हातारा सांगेल की गोळी दारूवर नीट दाबून बसली पाहिजे, मधे फट राहिली तर नळी फुटायची भीती. हे शंभर टक्के खरं आहे. पण हाच "दाबून बसव" वाला नियम पिस्तुलाच्या काडतुसाला लावलात तर उलटंच होतं, तिथं जास्त दाबलेली गोळीच घात करते. असं का, हे मला सगळ्यात भारी वाटतं या विषयात.

आधी थोडकं. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची केस म्हणजे पोकळ कवच, तिच्या बुडाला पिनेच्या ठोक्यानं ठिणगी पाडणारा प्रायमर, आत पावडर, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. फायर झाल्यावर केस उरते, ती साफ करून परत भरता येते, अमेरिकेत लाखो लोक हा छंद म्हणून करतात. आपल्याकडे असलं काही घरी करायचं डोक्यात आणू नका, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, शिवाय नाइन एमएम तर सिव्हिलियनला मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोर आहे. आपल्याकडची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीला आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला सरकारी फॅक्टरीत बनतात. पण त्यामागचं विज्ञान समजून घ्यायला कुणाचं लायसन्स लागत नाही.

नाइन एमएम पॅराबेलम घेऊ, जॉर्ज लुगरनं १९०२ च्या सुमाराला आणलेलं, आज जगात सगळीकडे चालणारं. केसची लांबी १९.१५ मिलिमीटर, अख्ख्या काडतुसाची जास्तीत जास्त लांबी २९.६९. १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ८ ग्रॅमची गोळी पंधरा मिलिमीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे तिचा पाचेक मिलिमीटर भाग केसच्या आत जातो आणि पावडरीसाठी मागे जेमतेम अर्धा सीसी जागा उरते. आता गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ काढा, साधारण ६४ चौरस मिलिमीटर. म्हणजे गोळी फक्त १ मिलिमीटर जास्त आत ढकलली तर ६४ घन मिलिमीटर जागा गेली, अर्ध्या सीसीतली बारा-तेरा टक्के! बाहेरून बघताना काडतूस नखाच्या जाडीएवढं आखूड दिसतं, बस.

बरं जागा बारा टक्के कमी झाली म्हणून प्रेशर बारा टक्केच वाढेल असं नाही, खरी गोम इथंच आहे. आजची पावडर जुन्या काळ्या दारूसारखी नाही. पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच केमिस्टनं १८८४ ला बिनधुराची पावडर बनवली आणि तिच्या जळण्याचा नियमही मांडला, की आजूबाजूचं प्रेशर वाढलं की ती जास्त जोरात जळते. म्हणजे जागा कमी म्हणून गॅस दाटला, गॅस दाटला म्हणून पावडर आणखी भराभर जळली, त्यानं गॅस आणखी दाटला, आणि हे सगळं मिलिसेकंदाच्या आत, गोळी जागची धड हललीसुद्धा नसते तोवर. काळ्या दारूचा वेग प्रेशरवर इतका अवलंबून नसतो म्हणून ठासणीत घट्ट दाबलेलं चालतं. नाइन एमएमची युरोपातली ठरवून दिलेली मर्यादा २३५० बार आहे. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या को-जन, म्हणजे वीज बनवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं आणि त्याला केवढं ते इन्स्पेक्शन, इथं त्याच्या वीसपटीहून जास्त प्रेशर हातातल्या किलोभर लोखंडात असतं.

म्हणून गोळी कुठली निवडायची आणि किती आत बसवायची हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच मुळी. १४७ ग्रेनची जड गोळी जाडीनं तेवढीच, मग वजन जाणार कुठं, लांबीतच, आणि काडतुसाची एकूण लांबी तर मॅगझिननं, म्हणजे पिस्तुलात काडतुसं भरायच्या डब्यानं, बांधून टाकलेली, म्हणजे जास्तीची लांबी मागे पावडरीच्या खोलीत घुसते. पूर्ण तांब्याची गोळी घ्या, तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३, तेवढ्याच वजनाला तांबं लांब होणारच. नाकाचा आकार तर आणखी फसवा. एक गोळी गोल टोकाची, दुसरी चपट्या टोकाची, दोन्ही एकाच वजनाच्या, दोन्ही काडतुसं व्हर्नियरवर बरोब्बर सारख्या लांबीची, तरी दोघींची बुडं वेगवेगळ्या खोलीवर असू शकतात. कॅलिपर टोकापासून मोजतो, पावडरीला टोकाशी काय देणंघेणं, तिचा संबंध बुडाशी. त्यामुळं एका गोळीचं माप दुसरीला लावणं हा सरळ मूर्खपणा आहे, माझं स्पष्ट मत.

शिशाच्या नुसत्या गोळीचं अजून एक. तांब्याचं जॅकेट असलेली गोळी ०.३५५ इंच, तर शिशाची बहुतेक वेळा ०.३५६, एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग जास्त. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल, फिट थोडा टाइट ठेवलाय. शिसं नळीत सैल बसलं तर गरम गॅस कडेनं निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीच्या खाचांत त्याचा थर बसतो.

आता गोळी बसवल्यावर ती जागची हलू नये म्हणून काय करतात ते बघा. केसचं तोंड आधी किंचित फाकवतात, नाहीतर कड शिसं खरवडून काढते आणि गोळी वाकडी उतरते. मग प्रेसमधला दांडा गोळीला सरळ खाली ढकलतो, या दांड्याचं तोंड गोळीच्या नाकाला जुळणारं पाहिजे, गोल नाकावर चपटा दांडा आला की टोक चेपतं. शेवटी फाकवलेलं तोंड परत मिटवतात, त्याला क्रिंप म्हणतात. पण पकड खरी देतं ते पितळ, ताणलेलं पितळ मागे यायला बघतं आणि गोळीला आवळून धरतं.

पिस्तूल आणि रिव्हॉल्वरचं दुखणं एकदम उलटं असतं. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, काडतुसाला जोरात पुढं ढकलते, गोळीचं नाक नळीच्या तोंडाखालच्या उतारावर आपटतं आणि पकड ढिली असेल तर गोळी आत सरकते, म्हणजे वर सांगितलेलं सगळं संकट. एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, घालून काढणाऱ्यांनी म्हणूनच लांबी बघत राहायची असते. रिव्हॉल्वरमधे एक गोळी सुटली की झटक्यानं अख्खं हत्यार मागे येतं, बाकीच्या केसही त्याच्याबरोबर मागे येतात, गोळ्या मात्र जडत्वामुळं जागीच राहू बघतात आणि केसमधून बाहेर डोकावतात, जास्तच आल्या की सिलिंडर फिरायचा बंद. म्हणून रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं तोंड गोळीवरच्या खाचेत चांगलं वळवतात. नाइन एमएमला तसं वळवून चालत नाही कारण ते काडतूस चेंबरमधे केसच्या तोंडावरच टेकतं, तोंडच वळवलं तर टेकायचं कशावर?

गोळी फार बाहेर राहिली तरी घोटाळाच. ती नळीच्या खाचांना आधीच भिडते, स्लाइड पूर्ण बंद होत नाही, काडतूस मॅगझिनमधे अडकतं. नळी काढून काडतूस चेंबरमधे नुसतं सोडायचं, टक्‌ करून स्वतःच्या वजनानं तळाला बसलं आणि उलटं केल्यावर तसंच बाहेर आलं तर लांबी ठीक, एवढी सोपी चाचणी आहे.

आणि गंमत म्हणजे काही काडतुसात गोळी मुद्दाम पूर्ण आत असते. बत्तीस बोर, जे आपल्याकडच्या सरकारी फॅक्टरीत बनणाऱ्या रिव्हॉल्वरचंही काडतूस, त्याच्या नेमबाजीच्या मॅचच्या गोळ्या डब्यासारख्या चपट्या असतात आणि केसच्या तोंडाबरोबर सपाट बसवलेल्या. जागा कमी उरते हे धरूनच पावडर त्या हिशोबानं थोडी ठेवलेली असते. फायदा एवढाच की कागदी टार्गेटला कडा फाटलेलं नाही तर पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं आणि मार्क मोजताना वाद होत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ ला जकार्ता एशियाडमधे २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं ते मात्र पॉइंट टूटू (०.२२ इंची) काडतुसावर, आणि त्या काडतुसात प्रायमर केसच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, पिन त्या कडेला चेपते, त्यामुळं ते एकदा उडालं की केस भंगारातच.