मिलिमीटरचा पाऊस, मीटरची गच्ची

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात त्याच वेळात फक्त ७३. आता पाठ्यपुस्तकाच्या थाटात एक शाब्दिक उदाहरण घालू : सांताक्रूझची एक गच्ची १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. तिच्यावर त्या चोवीस तासांत किती लिटर पाणी पडलं?

घाईत असलेला मुलगा १० × ५ × ९४४ करून ४७,२०० लिटर असं लिहून मोकळा होईल. मीटर आणि मिलिमीटर सरळ एकत्र गुणले म्हणून बाई लाल रेघ मारतील. पण उत्तर बरोबर आहे!

हे कसं? रीतसर करून बघू. ९४४ मिलिमीटर म्हणजे ०.९४४ मीटर. १० × ५ × ०.९४४ = ४७.२ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर मावतात, म्हणजे ४७,२०० लिटर. मिलिमीटरचे मीटर करताना हजाराने भागलं, घनमीटरचे लिटर करताना हजाराने गुणलं आणि दोन्ही हजार एकमेकांना खाऊन गेले. म्हणूनच एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे नेमका एक लिटर. पावसाळी पाणी साठवणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

नशिबाची ही साथ गच्चीपुरतीच. तोच पाऊस एक चौरस किलोमीटरच्या वस्तीवर धरा. किलोमीटरचे मीटर करायचे म्हणून ९४४ ला एकदा हजाराने गुणलं, तर ९ लाख ४४ हजार लिटर येतात. हे साफ चूक. लांबीही हजार मीटर, रुंदीही हजार मीटर. हजाराने दोनदा गुणायला हवं. चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर, आणि खरं उत्तर ९४ कोटी ४० लाख लिटर. माझ्या मते एककांच्या उदाहरणांत सर्वाधिक गुण इथेच जातात. लांबीचं रूपांतर पाठ असतं, पण क्षेत्रफळातही तेच एकदा करून मुलं थांबतात.

शेताचा हिशेबही याच वाटेने जातो. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटरची सर झाली, की लाखभर लिटर पाणी रानात पडलं. त्यातलं मुरलं किती आणि ओढ्याला लागलं किती, हे मातीवर आणि उतारावर ठरतं.