दृष्ट लागू नये म्हणून: 'चश्मे बद्दूर'च्या मागची गोष्ट

सुरुवातीलाच एक सिगारेट तीन मित्रांच्या हातांतून फिरते. झुरका एकाने मारायचा, पुढच्याने हात पुढे करून ठेवायचा. कोण कंजूष, कोण अधाशी आणि पैसे कोणाकडेच नाहीत, हे तेवढ्यात कळतं. 1981 च्या या सिनेमाची सगळी जातकुळी त्या धुरात आहे, आणि तो धूर आला होता टीव्हीवरून.

दिग्दर्शिका सई परांजपे तेव्हा मोठ्या पडद्यावर नव्या असल्या तरी या धंद्यात नवख्या नव्हत्या. आजोबा रँग्लर परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. आई शकुंतला परांजपे, संततिनियमनाच्या कार्यकर्त्या आणि 'कुंकू' या मराठी-हिंदी सिनेमात पडद्यावरही दिसलेल्या. सई पुणे आकाशवाणीवर घडल्या, मग नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या आणि पुढे दूरदर्शनवर रमल्या. तिथेच त्यांनी 'धुआँ धुआँ' ही टेलिफिल्म केली होती. 'चश्मे बद्दूर'चं बीज ते. टीव्हीत मोठे सेट नसतात, पैसा नसतो. त्यामुळे एक खोली, तीन पोरं आणि बोलणं, एवढ्यावर भागवायची सवय लागते. ती सवय त्यांनी सिनेमातही सोडली नाही. निर्माते गुल आनंद होते.

पोरं राहतात ती खोली म्हणजे बरसाती, दिल्लीतली गच्चीवरची खोली. सिद्धार्थ (फारूख शेख) अर्थशास्त्रात पीएच.डी. करायच्या तयारीत, ओमी (राकेश बेदी) आणि जय (रवी बासवानी) यांचं शिक्षण नावापुरतं, लक्ष पोरींच्या मागे. खाली पानवाले लल्लन मियाँ, म्हणजे सईद जाफरी, उधारीच्या चिंतेत.

नेहा (दीप्ती नवल) दारात येते ती 'चमको' साबणपूड विकायला. दोघे मित्र तिच्याकडून आधीच फजिती करून घेऊन आलेले, म्हणून आत दडतात. दार उघडतो सिद्धार्थ. मग बादली, पाणी, फेस, टॉवेल आणि तिचं पाठ केलेलं भाषण. दोन लाजऱ्या माणसांचं प्रेम साबणाच्या फेसात सुरू होतं, आणि दिग्दर्शिका त्यावर एकही फूल उधळत नाही. हिंदी सिनेमातला प्रेमप्रसंग इतका घरगुती क्वचितच झाला असेल. फारूख-दीप्ती ही जोडी जमली ती इथूनच. पुढे 'साथ साथ', 'कथा' आले.

गंमत अशी की फिल्मी थाट सिनेमात आहे, पण फक्त थापांत. ओमी आणि जय हात हलवत परत येतात आणि खोलीत बसून आपल्या 'विजया'च्या गोष्टी रंगवतात. तेव्हाच गाणी, बागा आणि नखरे सुरू होतात. पाहुणे म्हणून अमिताभ बच्चन आणि रेखासुद्धा एका क्षणापुरते येऊन जातात. त्या थापांवर हसताना आपण धंदेवाईक हिंदी सिनेमावरच हसत असतो.

आता एक खटकणारी गोष्ट. मुलींच्या मागे मोटारसायकल नेणं तेव्हा गंमत होती, आज ती तशी वाटत नाही. बाई दिग्दर्शक असल्याने हसं पोरांचंच होतं, मुलीचं नाही, हे खरं. तरी काही जागी मी हसताना थबकतो. शेवटचं बनावट अपहरण तर मला कायम ओढूनताणून आणल्यासारखं वाटलंय. आजीच्या भूमिकेत लीला मिश्रा आहेत म्हणून ते निभतं.

पडद्यावरची दिल्लीही आता सापडणार नाही. 1982 च्या एशियाडसाठी, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांसाठी, तिथे उड्डाणपूल आणि स्टेडियम उभे राहिले; हे चित्रण त्याआधीचं, रिकाम्या रस्त्यांचं आणि तालकटोरा बागेतल्या निवांत भेटींचं. राज कमल यांच्या संगीतातलं, येसुदास आणि हैमंती शुक्ला यांनी गायलेलं 'कहाँ से आये बदरा' त्याच संथपणातून येतं.

नाव फारसी वळणाचं. अर्थ, वाईट नजर दूर राहो. आपल्याकडे म्हणतात तसं, दृष्ट लागू नये. 5 एप्रिल 2013 ला मूळ सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा थिएटरात आली, आणि त्याच शुक्रवारी डेव्हिड धवन यांचा रिमेकही, गोव्यात नेऊन ठेवलेला. सईंनी त्या रिमेकबद्दलची नाराजी लपवली नाही. तिकीटखिडकीवर एकाच दिवशी एकाच नावाचे दोन सिनेमे, त्यामुळे कुठला हवा ते नीट सांगूनच तिकीट काढावं लागत होतं.