लॅपटॉपचं ओळखपत्र

छोट्या ऑफिसात वाय-फायचा एकच पासवर्ड असतो आणि तो चहावाल्यालाही पाठ असतो. कोणी नोकरी सोडली की खरं तर तो बदलायला हवा. पण मग प्रिंटरपासून साहेबांच्या फोनपर्यंत सगळं पुन्हा जोडत बसा! त्यामुळे कोणी त्या भानगडीत पडत नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर काढलेल्या तोडग्यात पासवर्डच नाही. प्रत्येक लॅपटॉप स्वतः दोन किल्ल्यांची, म्हणजे गणिताने एकमेकींशी जुळलेल्या दोन प्रचंड आकड्यांची, जोडी बनवतो. खासगी किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये बंद राहते, तिथून ती बाहेर काढता येत नाही. सार्वजनिक किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि त्याची डिजिटल सही घेऊन परत येते. हेच सर्टिफिकेट. लॅपटॉप वापरणाऱ्याला यातलं काही कळतही नाही.

वाय-फायला जोडताना लॅपटॉप हे सर्टिफिकेट दाखवतो. पण ते तर कोणीही कॉपी करेल. म्हणून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या, रेडियस नावाच्या सर्व्हरशी त्या वेळी चाललेल्या संवादावर त्याला खासगी किल्लीने सही करावी लागते. दर वेळी त्या संवादात नवे यादृच्छिक आकडे असतात, त्यामुळे कालची सही चोरून आज उपयोग नाही. सर्व्हरलाही आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये त्याच नावाचं खोटं वाय-फाय लावून बसणाऱ्याचं फावेल. या पद्धतीला ईएपी-टीएलएस म्हणतात. पासवर्डवर चालणाऱ्या एमएस-चॅप व्ही२ पद्धतीचं कुलूप एका दिवसाच्या आत फोडता येतं, हे २०१२ साली डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवलं गेलं. तरी ती अजून कित्येक ठिकाणी सुखाने नांदते आहे.

खरी डोकेदुखी गणिताची नाही, वाटपाची आहे. सर्टिफिकेट मिळायला नेटवर्क हवं आणि नेटवर्क मिळायला सर्टिफिकेट! म्हणून नव्या लॅपटॉपला आधी केबल लावतात किंवा पाहुण्यांच्या वाय-फायवरून आत घेतात. त्यात सर्टिफिकेटला मुदत असते, बहुतेकदा वर्षभराची. नूतनीकरण आपोआप होतं, पण लॅपटॉप चालू असेल तरच. लांबच्या रजेवरून परतलेला माणूस पहिल्याच सकाळी अडकतो.

सगळ्यात गमतीशीर बिघाड घड्याळाचा. जुन्या लॅपटॉपमधला बटण-सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. त्या तारखेला सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून जोडणी नाकारली जाते. तारीख नेटवरून दुरुस्त झाली असती, पण नेट कुठे आहे? शेवटी आयटीवाला येऊन तारीख हाताने बदलतो आणि वाय-फाय मुकाट्याने जोडलं जातं.