मणक्याच्या जंतुसंसर्गाचे निदान : कल्चर आणि जनुकीय क्रमनिर्धारण

मणक्यांची हाडे, त्यांच्यामधील गाद्या आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची जागा यांत शिरलेला जंतू नेमका कोणता, हे ओळखण्याची पद्धती. पुण्यात, किंबहुना भारतभर, अशा दुखण्यामागे क्षयाचा जंतू असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पाठदुखी, बारीक ताप आणि घटलेले वजन दिसले की पुष्कळदा टीबीची औषधे अंदाजानेच सुरू होतात. अंदाज चुकला तर मात्र रुग्णाला फार भोगावे लागते. मणक्याच्या टीबीचा उपचार साधारण वर्षभर चालतो, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या पू करणाऱ्या जंतूसाठी वेगळी प्रतिजैविके सुमारे सहा आठवडे द्यावी लागतात. म्हणून आधी तपासणीसाठी मणक्याचा तुकडा, मग औषध, हा क्रम शक्य तिथे पाळलाच पाहिजे. पायांतली ताकद जात असेल किंवा जंतुदोष रक्तात भिनला असेल, तर थांबून चालत नाही.

शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या वाढलेल्या असतात, पण त्यावरून जंतू कळत नाही. ‘गादी सरकली’ म्हणून पट्टा बांधून काढलेले महिने एमआरआयने संपतात. टीबीत गादी बराच काळ शाबूत राहते आणि बाजूला मोठा गळू दिसतो; पू करणारे इतर जंतू गादी लवकर खातात. तरीही एमआरआय हा पुरावा नव्हे. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला आणि एमआरआय जुळला, तर सुई घालायची गरज सहसा उरत नाही. एरवी सीटी स्कॅनवर पाहत पाठीतून सुई घालून हाडाचा तुकडा किंवा पू काढतात.

निदानाचे बरेचसे भवितव्य इथेच ठरते. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, पेशींच्या तपासणीसाठी; उरलेला निर्जंतुक सलाईनमध्ये, कल्चर आणि जनुकीय चाचण्यांसाठी. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, कल्चर हातचे जाते आणि डीएनएही खराब होतो. रुग्ण गोठ्यात काम करतो, कच्चे दूध पितो, हेही फॉर्मवर लिहावे. जनावरांकडून किंवा कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण करू शकतो. आधी कळले तर ते काळजी घेतात.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा म्हणून नमुना काचपट्टीवर रंगवण्याची झील-नेल्सन रंगक्रिया आजही करतात, पण मणक्यात जंतू इतके विरळ असतात की काचपट्टी अनेकदा कोरी दिसते. द्रव माध्यमातले कल्चर नकारात्मक ठरवण्यापूर्वी ४२ दिवस वाट पाहतात. इतका विलंब असूनही कल्चर सोडता येत नाही, कारण जिवंत जंतूवर कोणते औषध चालते हे तेच थेट दाखवते.

सीबीनॅट ही यंत्रावरची जनुकीय चाचणी सुमारे दोन तासांत क्षयाच्या जंतूचा डीएनए आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला असलेला प्रतिरोध सांगते. मात्र तिला टीबीखेरीज दुसरे काही दिसत नाही.

क्रमनिर्धारणाचा, म्हणजे डीएनएमधल्या रासायनिक अक्षरांचा क्रम वाचण्याचा, खरा उपयोग इथे होतो. १६-एस चाचणीत सर्व जिवाणूंत असणारे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक वाचून जिवाणूची प्रजाती ओळखतात. बुरशी तिच्यातून सुटते. मेटाजीनोमिक पद्धतीत नमुन्यातला सगळाच डीएनए वाचतात. आधी प्रतिजैविके घेतल्याने कल्चर कोरे आले, तेव्हा ही पद्धत विशेष कामी येते. पण वाचलेल्यापैकी बहुतेक डीएनए माणसाचाच असतो. क्षयाच्या जंतूचे कवच चिवट, त्यामुळे त्याचा डीएनए कमी निघतो आणि तो निसटू शकतो. उलट त्वचेवरचा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस सुईबरोबर येऊन अहवालात झळकतो. मणक्यात स्क्रू बसवलेल्या रुग्णात मात्र तोच खरा गुन्हेगार असू शकतो. अशा वेळी निकाल पेशींच्या तपासणीशी आणि रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावा लागतो.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली पुण्यात शासकीय आरोग्य केंद्रांमार्फत सीबीनॅट मोफत होते. करोनाकाळात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आयसर आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय यांनी विषाणूचे क्रमनिर्धारण केले, त्यामुळे हे तंत्र शहराला नवे नाही. मणक्यातल्या पुवासाठी ते अजून महाग पडते आणि म्हणून बहुधा शेवटी सुचवले जाते. नमुना पहिल्याच वेळी थोडा राखून गोठवून ठेवला, तर पुन्हा सुई घालणे टळू शकते.

उपचार कितपत लागू पडतोय, हे जनुकीय चाचणीवरून ठरवू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ सापडत राहतो. त्यासाठी दुखणे, वजन, सीआरपी आणि गरज पडल्यास एमआरआय पाहतात.