रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये वाजणारे फटाके

मोटारसायकल वेगात असताना रेस सोडली आणि गाडी गिअरमध्येच राहिली, की सायलेन्सरमधून कधी फुटफुट, कधी दणदणीत बार असे आवाज येतात. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी फटाके मारते’ म्हणतात. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडते आणि बेंड पाइपात (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत) किंवा सायलेन्सरच्या पोटात पेट घेते, त्याचा हा आवाज. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडातून उलटा येणारा भडका हा निराळा दोष आहे. तिथे इनटेक व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा स्लोच्या वेळचे (रेस न देता इंजिन चालू असतानाचे) फार लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले मिश्रण तपासावे लागते. गोव्यात फटाक्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या मागे बहुधा चार गोष्टी असतात: घाटाचे लांब उतार, खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि हौसेने बदललेला सायलेन्सर.

रेस बंद झाली तरी चाक इंजिनाला फिरवतच असते. थ्रॉटल मिटलेला असतो आणि पिस्टन मात्र ओढत राहतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत) निर्वात वाढतो. सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण जेमतेम पोहोचते आणि त्यात आधीच्या फेरीचा जळका वायू मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. असे पातळ मिश्रण ठिणगीला दाद देत नाही. ते तसेच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पुढे जाते. बेंड पाइप तापलेला असतो, पेट्रोलही पोहोचलेले असते. पेटायला हवी असते ती ताजी हवा. ती कुठून तरी मिळाली की फटाका वाजतो. म्हणून शोध आधी हवेचा घ्यायचा आणि पेट्रोलचा नंतर. ‘थोडे रिच (पेट्रोल जास्त) करून द्या’ म्हणत मिश्रण जुळवणाऱ्या मिक्सचर स्क्रूपासून सुरुवात केली, की फटाके दबतात पण गळती तशीच राहते. वर पेट्रोल जास्त जाते आणि प्लग काळा पडतो.

पहिली तपासणी बेंड पाइप जिथे हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला) बसतो त्या सांध्याची. धुराचा दाब धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर उलटी ओढ निर्माण होते. सांधा ढिला असेल तर त्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते. इंजिन थंड असताना गाडी सुरू करावी, जाड फडके दुमडून सायलेन्सरचे तोंड थोडा वेळ दाबून धरावे आणि कान हेडकडे लावावा. सांधे घट्ट असतील तर इंजिन गुदमरते. गळती असेल तर ‘फुस्स्’ ऐकू येते आणि इंजिन चालूच राहते. थंड सांध्यावर साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे जागा नेमकी दाखवतात. फ्लँजभोवती (पाइप हेडला आवळून धरणाऱ्या कडीभोवती) काजळीची काळी रेघ दिसली, तर ती गळती आजची नाही.

या सांध्याकडे गोव्यात विशेष लक्ष द्यावे लागते. रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या ओल्या उतारावरून रोज ये-जा करणाऱ्या किंवा मोरजी–हरमलच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे नट आणि फ्लँज गंजाने फुगतात. स्टड (नट ज्यावर बसतो तो हेडमधला आटेदार दांडा) गंजलेला असताना पान्याला जोर लावला, तर तो मुळात तुटतो आणि साध्या पॅकिंगचे काम हेड उतरवून ड्रिल मारण्यावर जाते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, नट सैल करताना एकदा सोडवावा, एकदा किंचित आवळावा, असे पुढेमागे करत बाहेर काढावा. जुने पॅकिंग एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाही, ते नवेच घालावे. दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत, नाहीतर फ्लँज एका बाजूला कलते आणि नव्या पॅकिंगमधूनही हवा जाते. बेंड पाइप आणि सायलेन्सर जिथे एकात एक शिरतात तो क्लॅम्पही याच वेळी पाहावा. सायलेन्सरच्या खालच्या पोटात पाणी साचून पडलेली बारीक भोके वरून दिसत नाहीत, हात फिरवूनच कळतात. अर्थात सायलेन्सर थंड असताना.

पाइप घट्ट निघाला तरी हवेची एक वाट कंपनीनेच ठेवलेली असू शकते. प्रदूषण कमी करण्यासाठी बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरकडून एक नळी एक्झॉस्टच्या तोंडापर्यंत जाते. त्या हवेत उरलेले पेट्रोल जळून जावे हा हेतू. काही रचनांत रेस सोडल्यावर मॅनिफोल्डचा निर्वात एका पडद्याला ओढतो आणि ही हवा बंद होते. निर्वाताची बारीक रबरी नळी तडकली किंवा पडदा फाटला, तर ऐन नको त्या वेळी हवा चालू राहते. तपासण्यासाठी नळी तात्पुरती बंद करून उतारावर एक फेरी मारावी. फटाके थांबले तर दोष सापडला. मात्र ही सोय कायमची बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. नळी किंवा पडदा बदलावा.

त्यानंतर कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी मॅनिफोल्ड. उन्हाने त्याला भेगा पडतात आणि त्यातून शिरलेली हवा मिश्रण लीन करते. गाडी स्लोला ठेवून रबराभोवती कार्ब्युरेटर क्लीनरचा हलका फवारा मारला आणि इंजिनचा वेग बदलला, तर भेग तिथेच आहे. हे काम मोकळ्या हवेत, बेंड पाइपवर फवारा न जाऊ देता करावे.

कित्येक सीव्ही कार्ब्युरेटरांना (निर्वाताने आतला पिस्टन उचलणाऱ्या प्रकाराला) बाजूला एक छोटे झाकण आणि त्याखाली स्प्रिंगवर बसलेला पातळ पडदा असतो. रेस सोडल्यावर तो पायलट जेटची (स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकाची) हवा कमी करून मिश्रण तेवढ्यापुरते रिच करतो. फटाके वाजू नयेत यासाठीच त्याची योजना आहे. या पडद्याला टाचणीएवढे भोक पडले तरी स्लो सुरेख लागतो, पिकअप चांगला मिळतो आणि फटाके मात्र थांबत नाहीत. म्हणूनच हा दोष हमखास नजरेतून सुटतो. पडदा उजेडासमोर धरून पाहावा.

एक्झॉस्ट टॅपेट (धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) टाइट असेल तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि फटाक्यांबरोबर व्हॉल्व्हही जळू लागतो. जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्ये थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना, पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारी सळई) बोटांनी मोकळा फिरायला हवा. २००९ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिकच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असल्याने हे काम उरले नाही.

हे सगळे नीट असेल तेव्हाच मिक्सचर स्क्रूला हात लावावा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, म्हणजे बाहेर काढल्यावर रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे आत घेतल्यावर रिच. या फरकात गल्लत झाली, तर दुरुस्ती नेमकी उलटी होते. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून पूर्ण गरम करावी. स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घेऊन तो किती फेरे बाहेर होता हे लिहून ठेवावे, मग दीड ते दोन फेरे बाहेर काढून पाव-पाव फेरा फिरवत स्लो सर्वांत चढा लागतो ती जागा शोधावी. दर पाव फेऱ्यानंतर इंजिन स्थिरावू द्यावे. तिथून पाव फेऱ्याच्या आत रिचकडे ठेवून स्लो पुन्हा जागेवर आणावा. मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांहून अधिक काढावा लागत असेल, तर पायलट जेट चोंदला आहे किंवा लहान पडतो आहे. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर आतली वाट बंद आहे.

जेट चोंदण्याचे कारण बहुधा पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करावा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, तर वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरचा जेट आपणहून बदलत नाही, त्यामुळे जुन्या सेटिंगवर तीच गाडी थोडी लीन चालते. ज्या जुन्या गाड्या पूर्वी काठावर होत्या, त्या यामुळे फटाके मारू लागतात.

बदललेल्या सायलेन्सरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. मोकळ्या सायलेन्सरमध्ये आवाज दबत नाही आणि वाहण्याचा हिशेबही बदलतो. जेट त्याला जुळवले नाहीत तर फटाके अटळ, आणि जुळवले तरी गाडी कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार, २०१९च्या दुरुस्तीनंतर, आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाही तीन महिने अपात्र ठरतो. वागातोर–हणजूणच्या वाड्यांतून रात्री मुद्दाम रेस सोडून बार उडवणाऱ्यांमुळे तिथल्या घरांना होणारा त्रास खरा आहे. मूळ सायलेन्सर परत बसवणे हाच इथे सर्वांत स्वस्त आणि पक्का इलाज.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. रेस सोडल्यावर अशा गाड्यांचा संगणक बहुतेक वेळा पेट्रोलच बंद करतो. परत सुरू होताना मोठ्या इंजिनात हलकी गुरगुर किंवा एखादी फुट येणे स्वाभाविक आहे. तिच्या मागे लागू नये. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सांधा गळत असेल मात्र प्रकरण बिघडते. बाहेरची हवा पाहून सेन्सर मिश्रण लीन समजतो, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि ते जादा पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळते. कन्व्हर्टर अतितापून निकामी होतो.

दुरुस्तीची परीक्षा सपाट रस्त्यावर पुरेशी होत नाही. चोर्ला घाटातून केरीकडे किंवा अनमोड घाटातून मोलेकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण सोडून, वळणे सुरक्षित असतील तेवढेच इंजिन ब्रेकिंगवर यावे. खाली पोहोचल्यावर प्लग काढून पाहावा: तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, खडूसारखा पांढरा असेल तर अजून लीन, कोरडा काळा असेल तर स्क्रू जास्त रिचकडे गेला आहे.