पिल्लू लंगडतंय? मग आधी ग्रोथ प्लेट समजून घ्या

दोन-चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू सोफ्यावरून पडलं किंवा गुळगुळीत टाइल्सवर घसरून लंगडायला लागलं की घरात दोन सल्ले हमखास मिळतात, एकजण म्हणतो काही नाही मुका मार आहे हळद लावा, आणि दुसरा औषधांच्या डब्यात पेनकिलर शोधायला जातो. गोळी तर द्यायचीच नाही, त्याचं कारण पुढे सांगते. पण मुका मार म्हणून सोडून देणंही तितकं सोपं नाही, कारण पिल्लाचा पाय म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या पायाची छोटी साइज नव्हे, तो आतून वेगळाच असतो.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, हाडाची लांबी तिथूनच वाढते. बऱ्याच कुत्र्यांमध्ये वर्षभरात हे थर हाडात बदलून बंद होतात, मोठ्या जातींमध्ये त्याहून जास्त वेळ लागतो. पण तोपर्यंत हा थर शेजारच्या लिगामेंटपेक्षाही, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यापेक्षाही, कमजोर असतो. म्हणजे ज्या धक्क्याने मोठ्या कुत्र्याचं फक्त लिगामेंट ताणलं गेलं असतं, त्याच धक्क्याने पिल्लाची ग्रोथ प्लेट सरकू शकते. सॉल्टर आणि हॅरिस या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये लहान मुलांच्या अशा दुखापतींचे पाच प्रकार मांडले आणि व्हेट लोक पिल्लांसाठीसुद्धा तेच वापरतात.

यातला पाचवा प्रकार मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. त्यात ग्रोथ प्लेट चेपली जाते पण पहिल्या एक्सरेत काहीच दिसत नाही, कारण कूर्चा एक्सरेत उमटत नाही आणि हाड तर मोडलेलं नसतंच. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं शेजारी शेजारी असतात, त्यातल्या अल्नाची मनगटाजवळची ग्रोथ प्लेट शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे बाजूने धक्का बसला तरी ती चेपते. आणि अल्नाची जवळजवळ ८५ टक्के वाढ याच एका ठिकाणी होते! ती थांबली तरी रेडियस वाढतच राहतं, मग अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी त्याला खेचून धरते आणि काही आठवड्यांत पाय वाकडा दिसायला लागतो. म्हणून पहिला एक्सरे क्लिअर आला तरी व्हेट दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावतात, तेव्हा बरं दिसतंय म्हणून जायचं टाळू नका. एक्सरे दोन्ही पायांचा काढायला सांगितला तर तोही पैसे उकळायला नाही, तुलना करायला चांगला पाय लागतोच.

घरी तपासताना एकाने पिल्लाला मांडीवर धरायचं आणि दुसऱ्याने खालून वर जायचं. आधी पंजाची गादी, बोटांच्या मधे काटा, काच, गोचीड काही अडकलंय का, नख तुटलंय का, कित्येकदा लंगडण्याचं कारण तिथेच सापडतं. मग हळूहळू वर, दुसऱ्या पायाशी तुलना करत, कुठे सूज, कुठे गरम लागतंय. दुखलं तर गोड पिल्लूसुद्धा चावतं, तेव्हा जोर लावून पाय वाकवून बघू नका. पाय लोंबकळतोय, विचित्र कोनात आहे, पंजा गार पडलाय, किंवा पिल्लू पाय टेकवतच नाहीये, खात नाहीये, तर थांबायचं नाही, सरळ व्हेटकडे.

व्हेटने किरकोळ आहे असं सांगितलं तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. थेट त्वचेवर नको. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज कमी होते, शेक द्यायचा तो नंतर, सूज उतरल्यावर, सुरुवातीलाच शेकलं तर उलट सूज वाढते. बँडेज घातलं असेल तर मधल्या दोन बोटांची नखं रोज बघा, ती एकमेकांपासून फाकायला लागली म्हणजे पंजा सुजतोय, बँडेज घट्ट झालंय, लगेच बदलून घ्या.

आता गोळीचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनणं थांबवतात, त्याने दुखणं कमी होतं हे खरं, पण तीच रसायनं पोटाचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. कुत्र्यांमध्ये खूप कमी डोसलाच अल्सर आणि रक्तस्राव होतो, आणि दोन किलोच्या पिल्लाला माणसाची गोळी म्हणजे केवढी होते विचार करा. पॅरासिटॅमॉलने लिव्हरला धोका. गुडघ्याला चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेलसुद्धा नको, पिल्लू ते चाटणारच. (हे तेच औषध, ज्याच्यामुळे आपल्याकडची गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.)

कॅल्शियमचं सिरपही मनाने सुरू करू नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, जितकं जास्त येईल तितकं जास्त शोषलं जातं, आणि मोठ्या जातींमध्ये त्याने हाडांची वाढच बिघडते. याउलट नुसता दूधभात किंवा नुसतं चिकन यावर वाढलेल्या पिल्लाची हाडं इतकी ठिसूळ होऊ शकतात की छोट्या उडीनेही मोडतात, तेव्हा काय खायला घालता ते व्हेटला खरं खरं सांगा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे आराम. दुखणं थांबतं त्याच्या खूप आधीपासून पिल्लू पळायच्या मूडमध्ये असतं, पण आत ताणलेल्या लिगामेंटमध्ये सुरुवातीला जे कोलॅजन, म्हणजे लिगामेंट ज्याचं बनतं ते धाग्यासारखं प्रोटीन, भरतं ते कच्चं असतं, पक्कं व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे लंगडणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. क्रेट किंवा खोलीचा एक कोपरा अडवून तिथे ठेवा, शू-शीला पट्टा लावून न्या, जिन्यावर उचलून घ्या, टाइल्सवर सतरंजी नाहीतर रबरी मॅट. कंटाळलं की भुंकेल, रडेल, तेव्हा खाऊ लपवलेलं खेळणं द्या, वास घेऊन शोधण्यात पिल्लं मस्त दमतात. मोकळं सोडताना आधी पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं हळू चालवायचं, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लंगडलं नाही तरच थोडं वाढवायचं, आणि जिना, उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती हे सगळं व्हेटने हो म्हटल्यावरच.